हैमाच्या अलीकडे

अदम सोडलं की रस्ता एकदाच काय ते बोलतो,
मग गप्प.
दोन-अडीच तास गप्प.
डावीकडे सपाट, उजवीकडे सपाट,
मधून कुणीतरी दोरी ताणून मारलेली काळी रेघ.
खल्फान म्हणतो, इथे उंटसुद्धा
केवळ कंटाळून रस्ता ओलांडतात.

मार्चमध्ये सर्कलपाशी पाण्याचा टँकर उलटला.
इम्दादउल्ला, पेशावरकडचा, वय चौतीस.
परवान्यावरच्या फोटोत नुकतीच दाढी केलेली.
फाइलमध्ये मी लिहिलं : ब्रेकच्या खुणा नाहीत.
म्हणजे शेवटपर्यंत तो दुसरीकडेच होता कुठेतरी,
डोळे उघडे ठेवून.
आणि इतकं पाणी वाहिलं त्या दिवशी
की आठवडाभर सर्कलमध्ये
गवतासारखं काहीतरी हिरवं होतं.

फलक होता ना. साठ.
अरबीत साठ, इंग्रजीत साठ, लाल गोलात साठ.
पण फलक वाचायला आधी
माणूस हजर असावा लागतो.

मस्कतच्या बैठकीत मी म्हटलं, फलक नकोत,
मला पांढरा रंग द्या.
सर्कलच्या आधी चारशे मीटर आडव्या पट्ट्या.
पहिल्या दोघींत अंतर नऊ मीटर,
मग साडेआठ, मग आठ,
मग अशा जवळ जवळ येत जातात
लग्नघरातल्या बायकांसारख्या.
गाडीतल्याला वाटतं, आपणच सुसाट सुटलोय,
आणि पाय उचलला जातो.
कडेच्या रेघा वीतभर आत घेतल्या.
डांबर तेवढंच,
फक्त रस्ता आता अंग चोरून बसलेला.

याला आपल्याकडे
डोळ्यांत धूळ फेकणं म्हणतात.
धुळीला इथे तोटा नाही,
तरी मी रंग वापरते, वर काचेचे बारीक मणी.
शफीकुल ते ओल्या पट्टीवर भुरभुरतो,
साखरेसारखे.

साखर.
बाबांना निघाली तेव्हा मी त्यांचा कप बदलला होता.
तसाच पांढरा, तीच निळी किनार,
उंचीला एक बोट कमी.
काठोकाठ भरून दिला.
म्हणाले, आज बरा हात सैल सुटलाय तुझा.
जुना कप फडताळात मागे लपवला,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
दोन वर्षांनी आवराआवरीत हाताला लागला,
तर कागद
गेल्याच आठवड्यातला.

परत तसाच गुंडाळून ठेवला मी.
तेही काही बोलले नाहीत.
चहा मात्र त्याच छोट्या कपातून,
शेवटपर्यंत, पुरवून पुरवून.

आज रस्ता पुन्हा खुला करायच्या आधी
खल्फानने गाडी काढली.
प्रत्येक पट्टीचं अंतर त्यानेच टेप धरून मोजलेलं.
म्हणाला, मला काय फसवणार तू,
हे गणित माझ्या गुडघ्यांनी केलंय.
काटा एकशे अठरावर.
पहिली पट्टी गेली, दुसरी, सहावी,
एकशे चार,
एक्याऐंशी,
तो गाणं गुणगुणत होता ते मधेच थांबलं,
सत्तावन्न.
सर्कलला आम्ही सभ्य माणसांसारखे वळलो.
त्याने एकदा खाली आपल्या चपलेकडे पाहिलं,
मग माझ्याकडे नाही पाहिलं.

शफीकुल हात हलवत पळत आला.
अकराव्या पट्टीवर,
रंग सुकायच्या आत,
उंटाचा पाय उमटलाय, चांगला ताटाएवढा.
खरवडून परत मारू का, विचारतो.

राहू दे म्हटलं.
कुणीतरी इथून
सावकाश गेल्याचं
तेवढंच तर लेखी आहे आपल्याकडे.